तीनशे बारा एल्फांचा डावा खांदा

कंपनीत तिला सगळे मावशी म्हणत आणि घरी ती धाकटी. साठीला दोन वर्षं उरलेली बाई धाकटी कशी, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. वर थोरली जिवंत असली की माणूस मरेपर्यंत धाकटंच राहतं. आपणही तिला धाकटीच म्हणू.

धाकटीचं काम चहाचं. चौथ्या मजल्यावरच्या त्या ऑफिसात ऐंशी माणसं कॉम्प्युटरपुढे बसून एक व्हिडिओ गेम तयार करत होती आणि धाकटी त्यांना दिवसातून तीनदा चहा-कॉफी देत होती. दोन्ही हातांत चौदा कपांचा ट्रे, कोपरं बरगड्यांना टेकलेली, नजर समोर. खुर्च्यांच्या चाकांमधून, जमिनीवर लोळणाऱ्या वायरींवरून ती अशी जायची की कपाला कप लागत नसे. माणूस मान वर करून बघायचा तोवर चहा टेबलावर आलेला असे आणि मावशी चार टेबलं पुढे गेलेली असे.

गेमबद्दल तिचं मत सुरुवातीला फारसं चांगलं नव्हतं. एवढी शिकली-सवरलेली माणसं दिवसभर पोरखेळ करतात आणि वर पगार घेतात, नशीब लागतं बाई, असं ती म्हणायची. चष्मेवालीने तिला शेवटी समजावून सांगितलं. चष्मेवाली म्हणजे गेममधल्या पात्रांच्या हालचाली बसवणारी मुलगी. सबंध ऑफिसात कप स्वतः परत आणून देणारी ती एकटीच, त्यामुळे धाकटीचा तिच्यावर जीव.

"यात खेळणारा स्वतःच एक पात्र होतो, मावशी. जंगलातल्या एका राज्यात हिंडतो, तिथल्या लोकांशी बोलतो, भांडतो, दोस्ती करतो. तिथं बुटके आहेत, पऱ्या आहेत, एल्फ आहेत."

"एल्फ म्हणजे ते लांबकाने?"

"तेच. हजार-हजार वर्षं जगतात."

"अगं बाई! एवढी वर्षं करतात काय बसून?"

"बसत नाहीत, चालतात," चष्मेवालीने सुस्कारा सोडला. "तिथंच तर घोडं अडलंय."

आणि खरंच अडलं होतं. पऱ्यांचं बरं होतं. त्या उडायच्या, त्यांना जमिनीला पाय लावायची गरजच नव्हती. बुटक्यांसाठी गोदामातला एक हमाल बोलावला, त्याने अर्ध्या दिवसात काम उरकलं. पण एल्फांनी चालावं कसं, हे कुणाला ठरवता येईना. कागदावर लिहिलं होतं की एल्फ गवतावरून गेला तरी दवाचा थेंब हलू नये. लिहायला काय जातंय! आधी एक नर्तिका आणली, तर पावलापावलाला वाटायचं की आता ही गिरकी घेणार. मग एक धावपटू आणला. तो हजार वर्षं जगणारा वाटेना, उशीर झालेला वाटायचा. दाढीवाले, म्हणजे या सगळ्याचे मुख्य साहेब, रोज नवा माणूस आणत आणि रोज स्वतःची दाढी ओढत बसत.

चाल टिपण्याची त्यांची रीत मजेशीर होती. माणसाला घट्ट काळा पोशाख घालायचा, त्यावर ठिकठिकाणी पांढरे मणी लावायचे आणि कॅमेऱ्यांनी भरलेल्या खोलीत चालायला सांगायचं. त्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त मणी दिसतात. मण्यांवरून पडद्यावर एक सांगाडा चालू लागतो. मग त्या सांगाड्यावर एल्फाचं अंग, कपडे आणि शेवटी कान चढवतात. शिवाय कोपऱ्यात एक साधा कॅमेराही चालू असतो, नंतर ताडून बघायला. त्या साध्या कॅमेऱ्यात धावपटूच्या मागून ट्रे घेऊन जाणारी मावशी चष्मेवालीला दिसली. तिने धावपटूला सोडलं आणि मावशीलाच सहा वेळा पाहिलं.

"हा असला अंगाला चिकटलेला पोशाख घालून मी चालू? या वयात?" धाकटीने विचारलं. दोन दिवस बोलणी चालली. शेवटी खोलीत चष्मेवालीशिवाय कुणी नसेल, साधा कॅमेरा बंद असेल असं ठरलं आणि बाकीच्या कॅमेऱ्यांना फक्त मणी दिसतात हे धाकटीने स्वतः पडद्यापाशी जाऊन तपासलं, तेव्हा कुठे ती तयार झाली.

पण रिकाम्या हातांनी तिला चालताच येईना. हात मोकळे सोडले की पाय एकमेकांत अडकायचे. "मला माझा ट्रे द्या," ती म्हणाली. चौदा कप काठोकाठ पाण्याने भरून ट्रे दिला आणि ती चालली. पडद्यापाशी बसलेली चष्मेवाली डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला लागली. दवाचा थेंब हलणार नाही अशी ती चाल होती.

ट्रेला मणी नव्हते, म्हणून तो पडद्यावर आलाच नाही. एल्फांची राणी रिकामे हात पुढे धरून चालू लागली. आता त्या हातांत काहीतरी द्यायला हवं, म्हणून गोष्ट लिहिणाऱ्यांनी एक वाडगा दिला आणि वाडग्यात उजेड भरला. इथवर ठीक होतं. पण दाराच्या वेळी माशी शिंकली. खोलीत लाकडाच्या चौकटीत एक दार उभं केलं होतं. धाकटी दारापाशी पोचली, पाठमोरी झाली, कमरेने दार ढकललं आणि गर्रकन वळून आत गेली. हात अडकलेला माणूस दुसरं काय करणार? चष्मेवालीच्याही ते लक्षात आलं नाही, कारण मावशीला ती रोज असंच आत येताना बघत होती. लक्षात आलं ते सगळे एल्फ तयार झाल्यावर. राणी, सैनिक, वैद्य, पहारेकरी, एकूण एक एल्फ दारातून पाठमोरे शिरत होते आणि कमरेने दार ढकलत होते.

दाढीवाल्यांनी कपाळावर हात मारला. मग गोष्ट लिहिणाऱ्यांनीच वाट काढली आणि लिहून टाकलं की एल्फ आत शिरताना जंगलाकडे पाठ करत नाहीत, हा त्यांचा हजारो वर्षांचा शिष्टाचार आहे. गेमची थोडी झलक बाहेर गेली तेव्हा लोकांना हाच शिष्टाचार सगळ्यात आवडला. त्यावर लांबलचक चर्चा झाल्या. धाकटी मात्र तेव्हाही चहाच वाटत होती.

मग एका दुपारी दाढीवाल्यांनी तिच्यापुढे एक कागद ठेवला. "मावशी, इथं सही करा. नुसता सोपस्कार आहे."

सोपस्कार असो की आणखी काही, धाकटी वाचल्याशिवाय सही करत नसे. ती ओळीखाली बोट ठेवून वाचत गेली आणि चौथ्या ओळीवर बोट थांबलं. 'वरील चालणे, वळणे व इतर हालचाली माझ्या स्वतःच्या असून त्या अन्य कोणाकडूनही घेतलेल्या नाहीत.'

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

दाढीवाल्यांना वाटलं, बाईला जास्त पैसे हवेत. त्यांनी तसं सुचवलं. धाकटीने कागद उलटा करून ठेवला आणि ट्रे उचलून निघून गेली. जाताना दार कमरेने ढकललं, ते त्या दिवशी जरा जोरातच.

खोटं का, ते सांगायला मागे जावं लागेल. ही चाल धाकटी आईच्या पोटातून घेऊन आली नव्हती. पंख्यांच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये तिची थोरली बहीण आधी लागली आणि मग तिने धाकटीला चिकटवलं. पहिले तीन महिने ताईने तिला चहाला हात लावू दिला नाही. काठोकाठ पाण्याचे पेले, ट्रे आणि समोर लांबच लांब व्हरांडा. नियम एकच होता, एक थेंब सांडला की सगळा व्हरांडा पुसायचा. थेंबापुरता नाही, सगळा. "कपाकडे बघू नकोस, जायचंय तिकडे बघ. कपाकडे बघणाऱ्याचाच चहा सांडतो. चवडा आधी, टाच शेवटी." दारातून पाठमोरं शिरायचं आणि झुलत्या दाराने फटका द्यायच्या आत वळायचं, हेही ताईचंच. रडत-पुसत धाकटी शिकली. तिला ताईचा राग यायचा आणि ताईसारखं व्हायचंही असायचं, दोन्ही एकाच वेळी.

बावीस वर्षं दोघींनी तिथं काढली. ताईच्या हातून त्या बावीस वर्षांत थेंब सांडला नाही. धाकटीचा वर्षाकाठी दोन-तीनदा सांडायचा, कारण भरला ट्रे घेऊन वळताना तिचा डावा खांदा बोटभर खाली यायचा. कँटीनच्या पार दुसऱ्या टोकाहून ताईची हाक यायची, "खांदा!" आणि धाकटी तो वर घ्यायची. पुढच्या वळणाला तो परत खाली.

कारखाना बंद व्हायला आला तेव्हा कँटीनचा मुकादम धाकटीपाशी आला. "शहरात चौथ्या मजल्यावर नवं ऑफिस उघडतंय. एकच बाई हवी आहे. तुम्हा दोघींतली ती कधीच न सांडणारी आहे ना, तिला उद्या सकाळी पाठव." ताई त्या आठवड्यात रजेवर होती, भाऊजींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "पाठवते," धाकटी म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी धुतलेला एप्रन घालून स्वतःच गेली. आपण एकटी आहोत, ताईला भाऊजी तरी आहेत, असं तिने मनाशी म्हटलं. कारणं काय, शोधली की सापडतातच.

ताईला कळलं ते एवढंच की धाकटीने परस्पर नोकरी मिळवली. "कानामागून आलीस आणि तिखट झालीस," ती म्हणाली आणि तिने बोलणं टाकलं. निरोप मुळात कुणासाठी होता हे तिला कधी समजलंच नाही. नंतर ती एका धुलाईच्या दुकानात कामाला लागली. तिथं चादरींचा गठ्ठा घेऊन उतरताना एक पायरी चुकली आणि खुबा मोडला. धाकटी फळं घेऊन भेटायला गेली तर ताई भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अबोल्याला आता नऊ वर्षं झाली होती.

हे सगळं धाकटीने चहाच्या खोलीत चष्मेवालीला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

चष्मेवालीने रिकामा कप विसळून ठेवला. "साहेब म्हणतात, सही नसेल तर पंधरा दिवसांत दुसऱ्या कुणाची तरी चाल घेऊ. तुमची सगळी पुसून टाकू."

"पुसून?"

"तीनशे बारा एल्फ आहेत, मावशी. सगळे तुमच्यासारखे चालतात."

"माझ्यासारखे नाही गं," धाकटी म्हणाली. ताई आता घरात चारपायी काठी धरून खुर्चीपासून खिडकीपर्यंत जाते, एवढं तिला शेजाऱ्यांकडून कळत होतं. म्हणजे ती चाल आता ताईकडे उरली नव्हती. धाकटीचे गुडघेही कुरकुरायला लागले होते. उरली होती ती त्या लांबकान्यांच्या पायांत. सही केली तर बहिणीची नोकरी घेतली तशी चालही घेतल्यासारखं होणार होतं, आणि नाही केली तर चालच जगातून जाणार होती. ताईला विचारायला हवं होतं, आणि विचारायचं तर आधी निरोपाचं सांगायला हवं होतं. धाकटीची पाचावर धारण बसली.

रविवारी सकाळी ती चष्मेवालीला घेऊन ताईच्या दारात उभी राहिली. दार भाऊजींनी उघडलं. त्यांच्या तोंडावर आधी आनंद आला आणि मग भीती.

"ये, ये. आज बरी आहे ती," ते हळूच म्हणाले. "म्हणजे रागवायला पुरेल एवढी बरी आहे."

ताई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. केस पांढरे झालेले, पाठ मात्र तशीच ताठ. तिने पाहिलं आणि मान खिडकीकडे वळवली. धाकटी बसली नाही. बसली असती तर बोलू शकली नसती.

"ताई, मुकादमाने निरोप दिला होता. कधीच न सांडणारीला पाठव म्हणाला होता. तो निरोप तुझा होता. मी तुला सांगितलाच नाही. मी स्वतःच गेले."

भाऊजी हातातल्या वर्तमानपत्राची घडी घालत राहिले, पुन्हा उघडून पुन्हा घालत राहिले. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"मला वाटलं होतं, तू मागितलीस ती नोकरी," ताई खिडकीकडे बघतच म्हणाली.

"नाही. त्यांनी तुला बोलावलं होतं."

"मला?"

"तुलाच."

ताईने मान वळवली. तिचे डोळे भरले होते, पण त्यात नुसता राग नव्हता. "नऊ वर्षं मी समजत होते की माझं वय झालं. हात कापत असेल, मला कळत नसेल, लोकांना दिसत असेल. म्हणून कुणी मला विचारलं नाही. खुबा मोडला तेव्हाही वाटलं, बरोबरच आहे, आपण कामातून गेलोच होतो." ती थांबली. "आणि त्यांनी मला बोलावलं होतं."

धाकटीला रडू आवरेना. चोरी नोकरीची केली असं ती इतकी वर्षं मानत होती, आणि गेलं होतं ते भलतंच काहीतरी.

"आता काय न्यायला आलीस?" ताईने विचारलं.

"तुझी चाल," धाकटी म्हणाली. चष्मेवालीने आणलेला सहीचा कागद तिने ताईला वाचून दाखवला आणि त्या चालीने चालणाऱ्या तीनशे बारा एल्फांचंही सांगितलं.

चष्मेवालीने लॅपटॉप ताईच्या मांडीवर ठेवला. पडद्यावर उंच झाडांचं जंगल आलं आणि त्यातून एल्फांची राणी चालत आली. हातांत उजेडाचा वाडगा, कोपरं बरगड्यांना टेकलेली, नजर समोर. चवडा आधी, टाच शेवटी. ताई पुढे झुकली.

"हातात काय हिच्या?"

"उजेड आहे," चष्मेवाली म्हणाली. "आधी चहाचा ट्रे होता."

राणी महालाच्या दारापाशी पोचली, पाठमोरी झाली, कमरेने दार ढकललं आणि गर्रकन वळून आत गेली. भाऊजी मोठ्याने हसले आणि मग तोंडावर हात ठेवून गप्प झाले.

"परत दाखव," ताई म्हणाली. तीनदा पाहिलं तिने. तिसऱ्यांदा बघताना पांघरुणाखाली तिचं चांगलं पाऊल राणीबरोबर हलत होतं. मग ती एकदम ओरडली, "खांदा!"

धाकटीने दचकून आपला खांदा वर घेतला.

"डावा खांदा बघ हिचा वळताना! असे किती आहेत म्हणालात?"

"तीनशे बारा."

"तीनशे बारा जणांना वाकडं वळायला शिकवून ठेवलंस? आणि वर म्हणतेस ही ताईची चाल! माझा खांदा कधी पडला होता गं? ही चाल तुझी आहे. कर सही आणि हो मोकळी."

"पाय तुझे आहेत, ताई."

"खांदा तुझा आहे."

"मी तो सरळ करू शकते," चष्मेवाली मध्येच म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"तू थांब जरा," ताई म्हणाली. "बटण दाबून खांदा सरळ होत असता तर मी बावीस वर्षं घसा कशाला कोरडा केला असता?" आणि मग धाकटीकडे बोट केलं. "जा. चहा टाक. चार कप, काठोकाठ. आणि आत नीट ये. मी बघणार आहे."

धाकटी स्वयंपाकघरात गेली. डबे, चमचे सगळं जुन्याच जागी होतं, शोधावं लागलं नाही. चार कप काठोकाठ भरून तिने ट्रे उचलला. मधलं दार फुगून घट्ट झालं होतं. ती पाठमोरी झाली, कमरेने दार ढकललं, मनात म्हणाली, खांदा, खांदा, आणि वळली. आयुष्यात पहिल्यांदा तिचा खांदा जागचा हलला नाही.

पण समोर ताई उभी होती. खुर्चीचा हात धरून, काठी न घेता, नीट दिसावं म्हणून स्वतःच उठून उभी राहिली होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं आणि चारही कप सांडले.

चहा जमिनीवरून खुर्चीकडे ओघळत गेला. भाऊजींनी ताईला धरून खाली बसवलं.

"खांदा बरोबर होता," ताईला धाप लागली होती. "निरोपाचं मी विसरणार नाही, सांगून ठेवते. मरेपर्यंत बोलून दाखवीन. त्यासाठी तुला दर रविवारी यावं लागेल." मग तिने जमिनीकडे पाहिलं. "पूस आता. सगळी खोली."

धाकटीने फडकं घेतलं आणि दारापासून सुरुवात केली. थेंबापुरतं नाही, सगळं. मागे ताई चष्मेवालीला सांगत होती, "तुझ्या कागदावरची ती ओळ खोड. लिही, चाल थोरलीची, खांदा धाकटीचा. लिहिलंस? आणि खांदा सरळ करू नकोस. राहू दे तसाच."

"लोक विचारतील, सगळे एल्फ वळताना डावीकडे का झुकतात."

"विचारू दे. तुमचे लिहिणारे सांगतील काहीतरी."

पुसत पुसत धाकटी खिडकीपाशी पोचली. "ताई, पाय उचल."

"एक उचलते. दुसरा माझं ऐकत नाही."

तेव्हा धाकटीने फडकं बाजूला ठेवलं, ताईचं ते पाऊल दोन्ही हातांनी उचलून धरलं, चष्मेवालीने खालची जागा पुसली, आणि मग धाकटीने ते हळूच परत जमिनीवर टेकवलं, चवडा आधी, टाच शेवटी.